मोकळी हत्यारं

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते, आणि एकदा पाटावर ठेवलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईस्तोवर कुणी हात लावत नाही. जानेफळात लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे पाळत आले. पण त्या वर्षी पाटावर मेगर पाहिला आणि माझं डोकंच फिरलं.

मेगर म्हणजे वायरिंगमधून करंट कुठे गळतो का, ते तपासायचं यंत्र. घरात एकच. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी माझी ठेकेदारीच्या परवान्याची परीक्षा होती, आणि प्रॅक्टिकलमध्ये मेगर लावून दाखवावा लागतो, त्याचा सराव राहिला होता. नवरा आणि मी घरंच्या घरं वायरिंग करायचो, पण परवाना नव्हता म्हणून टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याच ठेकेदाराची. नवरा दोनदा नापास झाला होता. आता मी बसत होते.

"मामाजी, मले मेगर पायजे. परीक्षा हाये माई," मी सासऱ्यांना म्हटलं.

"काऊन? दोन दिवस थांबता येत नाही काय?" त्यांनी मेगरच्या टर्मिनलवरच हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. ओलं! टर्मिनल ओलं असलं की मेगर खोटं माप दाखवतो.

पाटावर नवऱ्याचं ड्रिल होतं, पक्कड होती, हातोडीसुद्धा. माझी पक्कड आणि टेस्टर माझ्या पिशवीतच. मी विचारलं तर म्हणतात कसे, "बाईमाणसाच्या हत्याराले कुठी पूजा असते काय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो झेंडूच्या माळा ओवत होता. "जाऊ दे ना, सण हाये," एवढंच बोलला. काय जाऊ दे? खांबावर चढताना जाऊ दे म्हणाला होता का? भिंतीला खाचा मी मारायच्या, पाइप मी टाकायचे, आणि पूजेच्या वेळी मी बाईमाणूस! त्या दिवशी पुरणात साखर पडली की मीठ, देव जाणे, मी काही चाखून पाहिलं नाही.

दुपारी शेजारचा गिरणीवाला पळत आला. गिरणीला हात लावला की झटका बसत होता, आणि बाया दळणाचे डबे घेऊन दारात उभ्या. नवरा उठला, पाटाकडे पाहिलं आणि परत बसला. मामाजींनी घसा खाकरला.

"सूनबाई, तू जाय ना. तुये हत्यारं त मोकयेच हायेत."

अशी आग झाली अंगाची! तरी पिशवी उचलली, कारण तिकडे कुणी बाई चिकटून मेली असती. मेन स्विच पाडला, टेस्टरने खात्री केली. मोटरच्या डबीत शिरणारी वायर घासून उघडी पडली होती आणि लोखंडाला टेकली होती. अर्थिंगची तार तर कुणीतरी तोडून कपडे वाळवायला बांधलेली! गिरणीवाल्याला भर चौकात झापलं. वायर बदलली, अर्थिंग जोडलं, मेगर नव्हता म्हणून सिरीज बल्ब लावून गळती नाही ना ते पाहिलं, मग गिरणी चालू करून दिली. घरी आले तेव्हा मामाजी म्हणाले, "झालं काय?" मी पिशवी खुंटीला अडकवली.

परीक्षेत साहेबांनी विचारलं, "मोटरच्या बॉडीला करंट येतो, काय कराल?" मी गिरणी डोळ्यासमोर आणली आणि सांगत सुटले. मेगर हातात दिला तेव्हा आधी टर्मिनल पदराने पुसलं. ते स्वच्छच होतं. साहेब हसले. मला हसू आलं नाही. पण पास झाले.

पुढच्या खंडेनवमीला पाटावर माझा परवाना होता, फ्रेममध्ये. आणि माझी पक्कड, माझा टेस्टर, दोन्हींना झेंडू. मला न विचारता दोन्ही पिशवीतून काढलेली. मामाजी खुशीत होते. अंगणात पेंटर आमच्या नव्या दुकानाची पाटी घेऊन बसला होता, आणि तिच्यावर खडूने नवऱ्याचं नाव आखून झालं होतं.

"परवाना घराचाच हाये ना," मामाजी म्हणाले. "नाव पोराचं शोभते."

मी पाटावरून टेस्टर उचलला, पक्कड उचलली, फ्रेम उचलली.

"अवं, आज हात लावत नसतात!"

"मागच्या वर्षी मोकये होते मामाजी, यंदाही मोकयेच राहू द्या."

मग अंगणात गेले, ओल्या फडक्याने खडू पुसला आणि परवाना पेंटरच्या पुढ्यात धरला. म्हटलं, यावर जे नाव आहे तेच लिही.