शिरताना वाजवलेली घंटा

"चर्चमध्ये झोपायचं?" मी लेकीला विचारलं. "का, आपल्या घरातले पलंग मोडलेत?"

तिनं फोनवर फोटो दाखवला. मक्याच्या शेतांमध्ये एकटंच उभं असलेलं, पांढरं, लाकडी, जुनं चर्च. आता तिथं प्रार्थना होत नाही. छपराच्या दुरुस्तीला हातभार म्हणून गावकरी ते एका रात्रीपुरतं भाड्यानं देतात. आपली स्लीपिंग बॅग न्यायची, बाकांमध्ये पसरायची आणि झोपायचं. "आई, यू नीड अ चेंज," ती म्हणाली. चेंज म्हणे! डोंबलाचा चेंज. चेंज तर थंडीतच झाला होता, तिचे बाबा गेले तेव्हा.

तरी मी हो म्हटलं. का ते सांगते. बाबा गेल्यापासून ही पोरगी रडली नव्हती. फ्युनरल होमला फोन हिनं केले, पुण्याच्या भटजींना व्हिडिओवर हिनं आणलं, बँकेत हीच गेली. तेराव्याचं जेवण झालं आणि लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली. कुणी जवळ घेऊन विचारलं की, "आय ॲम फाइन, मावशी." तिच्या तोंडून "बाबा" हा शब्द मी तेव्हापासून ऐकला नव्हता. विषय काढला की भांडी घासायला उठायची. नवरा तर गेलाच, आता लेकही डोळ्यांदेखत दगड होत चाललीय, या भीतीनं माझा जीव खालीवर व्हायचा. म्हटलं, चला, निदान गाडीत तरी शेजारी बसेल. कुठे पळेल?

पळाली नाही. आमच्या अमेरिकेतल्या डब्लिनपासून तिथवर पॉडकास्ट लावून ठेवला.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ती डिकीतून सामान काढत होती. मी पायऱ्या चढले, चपला बाहेर काढल्या, दार ढकललं. शिरल्या शिरल्या डोक्याशी एक दोर लोंबत होता. आता मला सांगा, दारात घंटा असली की आपला हात कुठे जातो? विचार करायला वेळ लागतो का? ओढला. मला वाटलं, देवळातल्यासारखी टण् करून गप्प होईल. ती सगळ्या शिवारात घुमली. घाबरून दोर सोडला तर आणखी दोनदा वाजली.

"आई! इट्स नॉट अ टेंपल!"

"अगं, देवाला सांगायला नको, आम्ही आलोय म्हणून?"

देवाचं माहीत नाही, पण माणसांना कळलं. पाचेक मिनिटांत धूळ उडवत एक पिकअप ट्रक आला. त्यातून एक म्हातारा आणि त्याची बायको उतरली. तिच्या अंगावर ॲप्रन तसाच, हाताला पीठ. म्हाताऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"कोण गेलं?" त्या बाईनं इंग्रजीत विचारलं.

त्या गावात ती घंटा आता फक्त कुणी गेलं की वाजते, हे मला तेव्हा कळलं. माझी पाचावर धारण बसली. सॉरी सॉरी म्हणत मी सांगू लागले, कुणी नाही हो, चूक झाली, आमच्या देवळात शिरताना वाजवतात. ती बाई समजूतदारपणे हसली आणि वळली.

"माय डॅड," मागून लेक म्हणाली. दोन्ही हातांत स्लीपिंग बॅगा. "माय डॅड डाइड. लास्ट विंटर."

खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. इतके महिने मी जीव मुठीत धरून वाट बघतेय, आणि सांगितलं कुणाला, तर एका परक्या बाईला! मग बघितलं, तर तिचे ओठ थरथरत होते.

त्या बाईनं सॉरी वगैरे काही म्हटलं नाही. "त्यांच्यासाठी घंटा वाजली का?" एवढंच विचारलं. आम्ही दोघींनी नाही म्हणून मान हलवली. "मग ते राहिलंच की," म्हातारा म्हणाला. त्यांच्यात माणसाच्या वयाइतके टोल देतात. पण अंधार पडत होता, उद्या सकाळी करू म्हणाला. वय विचारलं. मी त्रेसष्ट सांगितलं.

रात्री बाकांच्या मधल्या जागेत पडलो. फळ्या पाठीला टोचत होत्या. मी एकदा विचारलं, झोपलीस का. ती पाठ करून पडली होती.

सकाळी ते दोघं आले, आजूबाजूची आणखी चार माणसं आली. कुणी थर्मासमधून कॉफी आणली होती. आमच्या यांना त्यांच्यातल्या कुणी कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं, तरी सगळे टोप्या काढून उभे राहिले. म्हाताऱ्यानं दोर लेकीच्या हातात दिला.

तिनं ओढला आणि म्हणाली, "एक."

मराठीत! मी तिच्याकडे बघतच राहिले. शाळेत सोडताना गाडीत यांनीच तिला आकडे शिकवले होते. एकोणतीस आलं की ही अडायची, एकोणचाळीसला पुन्हा अडायची, आणि हे स्टिअरिंगवर हात आपटून हसायचे. आताही ती अडली. अठ्ठेचाळीस झालं आणि दोर हातात तसाच. सगळे थांबले.

"एकोणपन्नास," मी म्हटलं.

"एकोणपन्नास," ती म्हणाली आणि ओढला.

पन्नासच्या पुढे तिचा आवाज बसत गेला. साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्टचा टोल शेतांवरून लांब गेला. म्हातारा दोर घ्यायला पुढे आला, पण हिनं सोडला नाही.

"बास गं," मी म्हटलं. "झाले."

"चौसष्ट," ती म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते. "पासष्ट, सहासष्ट... आई, मला पुढचे येतात. बाबांनी शिकवलेत. मला शंभरपर्यंत येतात."

"येतात गं, बाळा," मी म्हटलं, आणि तिचं एकेक बोट दोरावरून सोडवू लागले.