झुलत्या पुलाचे मिस्त्री

पुलावर पाऊल टाकण्याआधी ते पान्याने पहिली सळई वाजवत, कान देत आणि मग पुढच्या सळईकडे वळत.

भीमेवरच्या त्या जुन्या झुलत्या पुलाचे एक टोक शिरूर तालुक्यात, दुसरे दौंडमध्ये. फळ्यांचा रस्ता पेलणाऱ्या सळया ताणलेल्या असल्या की खणखणत, सैल पडल्या की बद्द वाजत. बद्द वाजलेली ते तिथेच आवळत. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावरही त्यांनी हे काम सोडले नाही. दोन्ही काठ त्यांना मिस्त्रीमामा म्हणत.

तुमच्यापैकी कोणी तो पूल ओलांडला असेल, तर त्यांचे “पावलं जुळवू नगा” ऐकलेच असेल. सगळे एका तालात चालले की पूल हिंदकळतो. एकदा खुटबावकडून आलेली वरात त्यांनी तोंडाशीच अडवली.

“बँड बंद. पलीकडं जाऊन वाजवा.”

“मामा, नवरदेव गुपचूप न्यायचा व्हय?” वऱ्हाडातल्या एकाने विचारले.

“गुपचूप न्या. कोरडा तर ऱ्हाईल.”

मी तेव्हा तालुक्याच्या बातम्या लिहीत होतो. एका सकाळी त्यांनी मला पूलभर फिरवून नऊ सळया दाखवल्या. त्यांचे आटे झिजले होते. आवळून उपयोग नव्हता.

“ह्या नव्या पायजेत. अर्ज करून थकलो. तुम्ही लिहा, म्हंजी धाडतील.”

मी लिहिले. नऊ सळया, झिजलेले आटे, सगळे बरोबर. एवढ्या सळया बदलल्या की पूल पुष्कळ वर्षे चालेल, हे त्यांचे म्हणणे शेवटच्या परिच्छेदात होते. जागा कमी पडत होती. तो परिच्छेद मीच कापला. मथळा आला: ‘झुलता पूल धोकादायक’.

आठवड्याभरात पुलाच्या दोन्ही तोंडांना भिंती उभ्या राहिल्या.

मी गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. पाना मांडीवर होता.

“मामा, बातमीत चूक नव्हती,” मी म्हणालो.

“चूक कुठं हाय? मी दुरुस्ती मागितली व्हती, एवढंच.” पाना बाजूला ठेवून म्हणाले, “चहा घेता का?”

भिंतीच्या अलीकडे एकच सळई राहिली होती. ते रोज येऊन ती वाजवत आणि परत जात.

गेल्या वर्षी ते वारले. परवा न्हावऱ्याहून परतताना मी तिकडे वळलो. दगड उचलून ती सळई वाजवली. आवाज आला. तो खणखणीत होता की बद्द, मला ठरवता आले नाही.