माझ्या वाटचं नाव

ग्वाल्हेरच्या त्या दवाखान्यात पहिले सात दिवस मला देवाचं नाव घेता आलं नाही. चाळीस वर्षं रोज सकाळी दत्ताच्या तसबिरीपुढे बसणारी मी. मथुरा-वृंदावन करून आम्ही दोघं सांगलीला परत निघालो होतो. आग्रा सुटल्यावर यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. डब्यातल्या लोकांनी आम्हाला ग्वाल्हेरला उतरवून दवाखान्यात पोचवलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दर्शन घेऊन परतणाऱ्या माणसाचं असं व्हावं, याचा मला राग आला होता, आणि त्या रागाची भीतीही वाटत होती.

ओळखीचं कुणी नव्हतं. दीर स्वतः अंथरुणाला खिळलेले. जावई बोटीवर नोकरीला, आणि मुलीला नववा लागलेला. ती फोन करायची तेव्हा मी सांगायचे, "बाबांना ताप आहे, म्हणून मुक्काम वाढवलाय. आत्ता झोपलेत." आत यांची काळजी, बाहेर तिची, बाकावर बसून मी नुसती वाळत चालले होते.

चौथ्या दिवशी असाच फोन ठेवल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही महाराष्ट्रातल्या ना? आम्ही इथलेच मराठी, दर्पण कॉलनीत राहतो. आमची मराठी थोडी हिंदी झालीये, बुरा मानू नका." त्यांचा भाऊ यांच्याच शेजारच्या खाटेवर होता. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्यासाठीही डबा आणू लागल्या. एकदा न राहवून मी त्यांना सांगितलं, की माझ्या तोंडून नामही निघत नाही. त्या जराही दचकल्या नाहीत. "नका घेऊ. मी भावासाठी बसतेच, तुमच्या वाटचंही घेईन," म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. त्या दुपारी मला बसल्या जागी झोप लागली.

आठव्या दिवशी त्यांच्या भावाची खाट रिकामी दिसली. आदल्या संध्याकाळी ते गेले होते. आता त्या कशाला येतील, असं वाटलं. पण दुपारी त्या आल्या, हातात डबा. "आमच्याकडे आज चूल नाही पेटली. शेजारच्या भाभींनी करून दिलंय. तुम्ही उपाशी राहाल, म्हणून आले." मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच बसलो.

नंतर मी आत जाऊन यांच्या पायाशी उभी राहिले. दत्ताचं नाव आपोआप ओठांवर आलं. त्या नावापुढे काही मागावं असं पहिल्यांदाच वाटलं नाही. बाहेर येऊन मुलीला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुझ्या आवाजावरून मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुला सांगवत नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही." तिची काळजी मी वाहतेय असं मला वाटत होतं, ती तर तिकडून माझी वाहत होती.

महिन्याभराने आम्ही घरी आलो. हे आता बोलत नाहीत, भरवावं लागतं. नातवाकडे बघून कधी रडतात, ते का, हे मला कळत नाही. मी पूर्वीसारखी मागत नाही. जे आहे ते दत्ताच्या हवाली करते आणि घास कालवायला बसते. बदल्यात काहीही मिळणार नसताना, स्वतःच्या घरात सुतक असताना एक बाई माझ्यासाठी जिना चढून आली होती. ती आली, एवढं मला पुरतं.