पात्यावरची लाल रेघ

औशाच्या हॉटेलात समोर बसलेल्या माणसानं चहाआधी कप नखानं वाजवून ऐकला. गोदीत जहाजांच्या पंख्यांतल्या चिरा, पंखे न तोडता शोधायच्या, हे त्याचं काम. सुट्टीवर आला होता, तरी पिशवीत तपासणीच्या रंगा-पावडरीचे डबे होतेच.

छताचा पंखा डुगडुगत होता. त्यानं तो बंद करायला लावला, टेबलावर चढून पात्यावर लाल रंग लावला, दहा मिनिटांनी पुसला आणि पांढरी पावडर फवारली. आम्ही सगळे माना वर करून उभे. पात्याच्या मुळाशी केसाएवढी लाल रेघ उमटली.

"चीर हाय. आत मुरलेला रंग भायेर आला," तो म्हणाला.

गिऱ्हाइकं बाहेर पळाली. गल्ल्यावरचे चाचा म्हणाले, "धा वर्षं याच्याखाली बसून राहिलो, कधी भ्या वाटलं न्हाई."

"तवा दिसत नव्हती ना."

चाचांनी फडकं उचललं. "मग पुसून टाका की."