अकराव्या खाटेचे कार्ड

परिचर्या महाविद्यालयातल्या मुली त्यांना पाठीमागे ‘कोपरेबाई’ म्हणत, आणि बाईंना ते चांगले ठाऊक होते. पाठ्यनिर्देशिका म्हणून गेली सव्वीस वर्षे त्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिला धडा चादरीच्या कोपऱ्याचा देत आल्या होत्या. चादर गादीखाली अशी दुमडायची, की कोपऱ्यावर लिफाफ्यासारखी तिरपी घडी पडावी आणि रोग्याने कितीही कूस बदलली तरी ती सुटू नये. सरावाच्या खोलीतल्या रबरी बाहुलीला मुलींनी ‘आत्याबाई’ असे नाव ठेवले होते. आत्याबाईंच्या अंगाखालची चादर दिवसातून तीस वेळा निघे, तीस वेळा घातली जाई आणि तीसही वेळा कोपरेबाई वाकून घडीवरून बोट फिरवत. घडी सैल लागली तर त्या रागावत नसत. चादर मुकाट्याने उपसून टाकत. मुलींना ते रागावण्यापेक्षा जास्त लागे.

एवढ्या वर्षांत या कोपऱ्याकडे दुसऱ्या कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. डॉक्टर त्यावर ढोपर टेकत, नातेवाईक पिशव्या ठेवत. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात नव्या प्रवेशद्वाराला दोन पाने मिळत, आणि परिचर्येच्या प्रत्यक्ष कामाला दीड ओळ. घरीही वेगळे नव्हते. “तुझ्या चादरीत शिरायचं म्हणजे पाकिटात पत्र घालायचं काम आहे,” असे यजमान म्हणत आणि पहिल्याच झटक्यात कोपरा उचकटून पाय बाहेर काढत.

म्हणून तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने चादर घालण्याची चाळीस सेकंदांची चित्रफीत मोबाइलवर टाकली आणि चार दिवसांत ती वीस हजार लोकांनी पाहिली, तेव्हा बाईंना जे वाटले त्याला त्यांनी स्वतः आनंद म्हटले नसते; पण ते आनंदाच्याच जातीचे होते.

मुलगी हाताने नेटकी होती. वर्गात तिला ‘रीलराणी’ म्हणत. हात कसे धुवावेत, नाडी कशी मोजावी, असले काहीबाही ती दाखवी आणि लोक आवडीने पाहत. या खेपेस तिने स्त्रियांच्या वॉर्डातली अकरा नंबरची रिकामी खाट निवडली होती. मागे एक उडते गाणे, पुढे तिचे दोन हात आणि शेवटी तो कोपरा, एकही चुणी नसलेला. खाली तिने लिहिले होते, ‘हे आमच्या मॅडमनी शिकवलं.’ प्रवेशाचे दिवस जवळ आले होते, तेव्हा प्राचार्याबाईंनी ती चित्रफीत उचलून महाविद्यालयाच्या पानावर लावली. कोपरेबाईंनी ती प्रथम वर्षाच्या साठ मुलींना मोठ्या पडद्यावर दाखवली आणि शेवटी थांबवून म्हणाल्या, “हे बघा. याला म्हणतात घडी.”

आठव्या दिवशी एक बाई प्राचार्यांच्या खोलीत येऊन बसल्या. शिवणकाम करणाऱ्या होत्या. बोटांच्या टोकांना सुयांच्या खुणा होत्या. कोपरेबाईंना बोलावून घेतले गेले, तेव्हा त्या बाईंनी आपला मोबाइल टेबलावर सरकवला.

“ही खाट माझ्या आईची आहे.”

कोपरेबाईंनी ती चित्रफीत त्याआधी सात वेळा पाहिली होती. आठव्या वेळी त्यांची नजर प्रथमच घडीवरून वर गेली. खाटेच्या डोक्याशी, भिंतीवरच्या पत्र्याच्या खाचेत, कार्ड होते. नाव, वय आणि आजार, तिन्ही ठळक अक्षरांत. आजार क्षयाचा होता.

“आईनं सगळ्यांना दमा सांगितला होता,” त्या बाई म्हणाल्या. “सख्ख्या भावालासुद्धा. शेजारच्या काकूंनी मला हे दाखवलं. दाखवून विचारतात कशा, ‘अगं, आम्ही तुमच्याकडे चहा प्यायचो ना?’ ”

“आम्हाला अतिशय खेद आहे,” प्राचार्याबाई म्हणाल्या.

“ती सकाळी सातला गेली. तुमचं गाणं अकराला लागलं. मी तेव्हा खालीच होते, कागदांसाठी रांगेत.”

वॉर्डाची रीत अशी होती, की रोगी गेला म्हणजे गादी बदलायची, खाट जंतुनाशकाने पुसायची, नवी चादर घालायची. कार्डाला मात्र वॉर्डसिस्टरच्या नोंदी पुऱ्या होईपर्यंत विद्यार्थिनींनी हात लावायचा नाही. कोपरेबाईंनी स्वतः तयार केलेल्या सतरा पायऱ्यांच्या यादीत कार्डाचे नावही नव्हते. त्यामुळे कुठल्या ना कुठल्या खाटेवर गेलेल्या माणसाचे नाव ताज्या चादरीच्या वर तीन-चार तास तसेच राही. वर्षानुवर्षे ते कोणाला खटकले नाही, कारण पाहणारे सगळे आतलेच होते. रोज दिसणारी गोष्ट दिसेनाशी होते, आणि त्यालाच आपण अनुभव म्हणतो, हे बाईंना त्या खोलीत बसल्या बसल्या उमगले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी असे काही उमगणे सुखाचे नसते.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर परिपत्रक लागले. वॉर्डात चित्रण करण्यास सक्त मनाई. तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती.

“तुम्ही हे वर्गात वाचून दाखवलं होतं, एवढ्यावर सही हवी,” प्राचार्याबाई म्हणाल्या.

“हे काल टाइप झालंय. डिंकसुद्धा ओला आहे.”

“मॅडम, चौकशी समिती गुरुवारी बसतेय. मुलीला मनाई कळवली होती आणि तिनं ती मोडली, तर तिचं नाव कमी होईल आणि विषय मिटेल. कळवलीच नव्हती म्हटलं, तर विचारणार कोणाला? तुमची तीन वर्षं राहिलीयत.”

“आणि महाविद्यालयाच्या पानावर कोणी लावली होती ती?”

“ती काढलीय आता,” प्राचार्याबाई शांतपणे म्हणाल्या, जणू काढली म्हणजे लावलीच नव्हती.

दुपारी मुलगी सरावाच्या खोलीत आत्याबाईंच्या पायथ्याशी उभी होती. शेवटची परीक्षा पाच महिन्यांवर आली होती.

“तुला कार्ड दिसलं नाही?” बाईंनी विचारले.

“नाही, मॅडम.”

“नीट आठव. खाटेजवळ आणखी काय काय होतं?”

“थुंकीचं भांडं होतं. ते वाईट दिसत होतं म्हणून बाजूला केलं. स्टूलही हलवलं. मग उजेड नीट येईना, म्हणून पडदा सारला.” तिने ओठ आवळले. “सगळं बघितलं मी, मॅडम. चौकटीत काय वाईट दिसतंय ते सगळं बघितलं. नाव काही वाईट दिसत नव्हतं.”

बाईंनी तिला फैलावर घ्यायचे ठरवले होते. या पिढीला आरसा सोडून काही दिसत नाही, माणसाचे दुःखही यांना पार्श्वभूमी म्हणून लागते, अशी वाक्ये जिन्यावरून येतानाच तयार होती, आणि ती खोटीही नव्हती. पण त्या पोरीला आरशात पाहणाऱ्यांत त्या स्वतः सात वेळा उभ्या होत्या, आणि त्यांनाही फक्त घडी दिसली होती. घडी त्यांची होती म्हणून.

“घरी सांगितलंस?”

“आजीला. ती म्हणाली, त्या बाईंच्या पाया पड. मी म्हटलं, त्या पडू देणार नाहीत.”

संध्याकाळी यजमानांनी सगळे ऐकून घेतले. “एका सहीनं काय होतं? शेवटची तीन वर्षं सुखानं काढ की.”

“एका कार्डानं काय झालं, ते ऐकलंत ना आत्ता?”

“तू शिक्षिका आहेस, तिची आई नाहीस.”

“म्हणूनच म्हणते. आई असते तर केली असती सही, आणि तिच्या जागी नाव दुसऱ्या कोणाचं घातलं असतं.”

त्या रात्री यजमानांनी चादरीचा कोपरा मात्र उचकटला नाही.

गुरुवारी समितीपुढे कोपरेबाईंनी सही न केलेले परिपत्रक परत ठेवले आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला एक कागद वाचून दाखवला. चित्रण करू नये असे आपण मुलींना कधीही सांगितले नाही. ती चित्रफीत आपण सात वेळा पाहिली, साठ मुलींना दाखवली, आणि एकसष्ट जणींपैकी एकीलाही त्यात माणसाचे नाव दिसले नाही. हे एका मुलीच्या मोबाइलने झाले असे म्हणणे सोयीचे आहे. ती चूक आपल्या सतरा पायऱ्यांच्या यादीतही होती.

समितीतले एक वयस्क डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, “बाई, तुम्ही स्वतःवर ओढवून घेताय.”

“ओढवून घेत नाही. होतं तिथंच ठेवतेय.”

शिवणकाम करणाऱ्या बाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांचे काय म्हणणे आहे, असे विचारले गेले.

“हिला काढून मला काय मिळणार?” त्या म्हणाल्या. “आणि हिला तशीच सोडलीत, तर तेही मला चालणार नाही. मला आईचं कार्ड पाहिजे. कुठंय ते?”

समितीत कोणाला ठाऊक नव्हते. मुलीला ठाऊक होते, ती हळूच म्हणाली, “वॉर्डातच आहे. पालटून वापरलंय.”

वॉर्डात कार्डे दोन्ही बाजूंनी वापरत. अहवालाच्या मुखपृष्ठांवर आणि प्रवेशद्वारांवर हात सैल सोडणाऱ्या त्या संस्थेत पुठ्ठा मात्र वाया जाऊ देत नसत. अकराव्या खाटेवर आता दुसरी रोगीण होती, तिचे नाव त्याच कार्डाच्या पाठीवर होते, आणि आईचे नाव भिंतीकडे तोंड करून होते.

तिघी वॉर्डात गेल्या. मुलीने वॉर्डसिस्टरकडून कोरे कार्ड मागून घेतले, नव्या रोगिणीचे नाव आणि वय त्यावर लिहिले आणि आजाराच्या रकान्याशी थांबली. मग तिने त्या रोगिणीकडे वाकून कानात काहीतरी विचारले. रोगिणीने नकारार्थी मान हलवली. रकाना कोरा राहिला. वॉर्डसिस्टर काही बोलणार होत्या, तोच कोपरेबाई म्हणाल्या, “आजार केसपेपरवर आहे. भिंतीला कळायची गरज नाही.”

जुने कार्ड मुलीने दोन्ही हातांनी पुढे केले. त्या बाईंनी आईचे नाव वाचले, खालची ओळ अंगठ्याने झाकली आणि कार्ड पिशवीत ठेवले.

“आईला दमा होता,” मुलीकडे रोखून पाहत त्या म्हणाल्या.

“हो,” मुलगी म्हणाली. “दमाच होता.”

त्या बाईंनी पिशवीचे तोंड आवळले आणि त्या निघून गेल्या.

मुलीचे नाव राहिले. परीक्षा मात्र सहा महिने मागे पडली. कोपरेबाईंचा वर्ग काढून त्यांना कपड्यांच्या भांडारात बसवण्यात आले, आणि परिपत्रक आपल्या जुन्या तारखेसह फलकावर तसेच आहे. भांडारात बाई चादरी मोजून देतात. चादर न्यायला आलेल्या प्रत्येक मुलीला त्या विचारतात, “कोणासाठी?” खाटेचा नंबर सांगितला तर चादर आपल्याच हातात धरून ठेवतात. मुली कंटाळतात, पाठीमागे नवे काहीतरी नाव ठेवतात, आणि रोग्याचे नाव विचारायला वॉर्डात परत जातात.