तव्यावर थापू नये

मी शाळा सातवीत सोडली. पण हातातल्या कॉम्प्युटरवर चित्र काढताना पडदा लुकलुकू नये म्हणून काय करायचं, ते मला पक्कं ठाऊक आहे. बायकोने सांगितलं. ती गेली, म्हणून आता मी लिहितो.

दोन हजार साल लागायच्या आधीची गोष्ट. आम्ही राहायला बदलापूरला, मी अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. मुलीचा डिप्लोमा नुकता झालेला. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका शेटने हातात मावणारी कॉम्प्युटरं आणली होती, त्यावर खेळ बनवायला त्याला माणूस हवं होतं. मुलीने त्याच्या पडद्यावर एक कोंबडी चालवून दाखवली, पण पावलागणिक ती लुकलुकायची. शेट म्हणाला, "बेटी, ये मुर्गी है या खराब ट्यूबलाइट? सोमवार को ठीक करके ला, नौकरी पक्की."

रविवारी सकाळी पोरगी ते यंत्र घेऊन स्वयंपाकघरात बसली, रडायच्या बेतात. मी म्हटलं, "बॅटरी बदल." फिटरला दुसरं काय सुचणार!

"बाबा, तुम्ही गप्प बसा हो."

बायको भाकऱ्या करत होती. तिने विचारलं, "नेमकं करतेस काय तू?"

"पडदा पुसते. मग गवत काढते, कुंपण काढते, मग कोंबडी. ती एक पाऊल पुढे गेली, की पुन्हा पुसून सगळं पहिल्यापासून."

"बघणाऱ्याच्या डोळ्यांदेखत?"

"मग कुठे काढू?"

"मी भाकरी तव्यावर थापते का गं? परातीत थापते, पुरी झाली की उचलून एकदम तव्यावर. तुझ्या डबड्यात परात नाही?"

मी तोंड घातलं, "थालीपीठ थापतेस की तव्यावर."

"तुम्हाला गिळायला दोन्ही चालतं!"

पोरगी उठलीच. परात होती म्हणे, मेमरीत, न दिसणारी. चित्र तिथे पुरं करायचं आणि अख्खं उचलून पडद्यावर ठेवायचं. मधला कोरा पडदा कुणाला दिसतच नाही. जेवणं होईपर्यंत कोंबडी शहाण्यासारखी चालू लागली. बायकोने पिठाच्या हातानेच यंत्र धरलं. "चालते छान. अंडं कधी घालणार?"

सोमवारी शेटने बराच वेळ पाहिलं. "किसने सिखाया?"

"मम्मीने."

"तो मम्मी को भी ले आ!"

नोकरी लागली. बायकोने आठवडाभर मला ऐकवलं, "मलाही बोलावलं होतं. तुमच्या भाकऱ्यांपायी गेले नाही."

आता मीच थापतो. परातीतून उचलताना भाकरी तुटते, मग तुकडे तव्यावर जोडत बसतो. मुलगी आली की मागे उभी राहून बघते आणि म्हणते, "बाबा, लुकलुकतंय."