चार बोटांची फट

क्रांतीबद्दल नाथाजीला खरं तर फारसं ठाऊक नव्हतं. दुष्काळी कवठे महांकाळकडची, कराडला भूगोलाचं एम.एस्सी. करणारी, एवढंच. घरी कोण आहे, हेही त्यानं कधी विचारलं नाही. एक मात्र पाहिलं होतं: पोरगी भित्री होती. वर कुठं दगड गडगडला, की हातात टेप तशीच धरून ती थिजायची.

"आमच्याकडं ढग आला की माणसं हसत्यात, आजोबा," ती एकदा म्हणाली. "हितं मला धडकी भरती."

तरी पाटणच्या डोंगरातल्या त्या वाडीवर ती दर पंधरवड्याला यायची. वाडीच्या माथ्यावर जमिनीला लांब भेग पडली होती. भेगेच्या अलीकडे-पलीकडे तिनं एकेक लोखंडी खुंटी ठोकली होती. खुंट्यांमधलं अंतर वाढलं, तर डोंगर सुटत चाललाय; मग पावसाआधी वाडी खाली हलवायची. नाथाजी निवृत्त फौजी, घर भेगेच्या अगदी खाली. म्हणून त्या अंतराएवढी काठी कापून तिनं त्याच्याकडं दिली होती. "मधनंमधनं लावून बघत जावा."

जूनमध्ये तिचे सर आणि तलाठी पाहणीला यायचे होते. आदल्या सकाळी काठी चार बोटं कमी पडली. म्हशीनं खुंटी ढकलली असणार, असं नाथाजीला वाटलं. साहेब येणार आणि खुंटी जागेवर नाही, हे फौजेतल्या माणसाला बघवेना. त्यानं ती उपटली आणि काठीच्या मापावर पक्की ठोकली.

दुसऱ्या दिवशी सरांनी टेप लावली. "काही हालचाल नाही," ते म्हणाले. तलाठ्यानं लिहून घेतलं.

"आमच्या फौजीम्होरं डोंगरबी सावधान हुबा ऱ्हातोय!" नाथाजीची बायको शालूबाई म्हणाली. सगळे हसले. क्रांतीही हसली.

नाथाजी मात्र खुंटीकडंच बघत होता. खुंटी म्हशीनं हलवलीच नसेल तर? आता बोलावं तर चारचौघांत येडा ठरणार. न बोलावं तर एवढी घरं, एवढी पोरंबाळं. जीप उतारावरून खाली निघाली तेव्हा त्याचे पाय आपसूक पळू लागले. आडव्या पायवाटेनं उतरून फाट्यावर त्यानं ती गाठली.

"पोरी, खुंटी मी सरकावली. माझं चुकलं."

क्रांतीचा चेहरा उतरला. "किती फरक हुता?"

त्यानं चार बोटं पुढं केली.

ती रागावली नाही. तिनं सरांना परत वर नेलं. त्याच संध्याकाळी वाडी खालच्या शाळेत उतरली. चौथ्या दिवशी पावसात माथा सुटला. नाथाजीचं घर चिखलाखाली गेलं, माणसं वाचली.

त्यानंतर ती एकदाच आली. शाळेमागच्या उतारावर दोन नव्या खुंट्या ठोकल्या, नवी काठी दिली. उताराकडं पाहताना तिचे ओठ कोरडे पडले होते. नाथाजीचेही.

"काठी कमी पडली तर काय करायचं, आजोबा?"

"खुंटीला हात लावायचा न्हाई."

"आनि?"

"तुला फोन करायचा."

"व्हय. जेवलासा का?"

"जेवलो. तू गं?"

"भाकरी हाय बरोबर. एसटीत खाते."